पाच किलो

गच्चीवर दोन जोड्या असायच्या.
उस्मान मुकादमचे डंबेल्स बिडाचे, काळे,
गावी परतणाऱ्या एका इजिप्शियन फोरमनकडून घेतलेले.
माझे प्लास्टिकचे, जांभळे, आत वाळू,
तेलाच्या डब्यावर फुकट मिळावेत तसे दिसणारे.

सोहारला जूनमध्ये सकाळी सहालाच लोखंड चावतं.
उस्मान ओला पंचा गुंडाळून उचलायचा,
चुलीवरचा तवा उतरवतात तसा,
आणि रोज न चुकता म्हणायचा,
"मेल्या, हात पोळत नाही ते वजन कसलं?"

मी म्हणायचो, पाच किलो म्हणजे पाच किलो,
कापूस घे नाहीतर लोखंड घे.
मग एका शुक्रवारी दोन्ही पिशवीत घालून
आम्ही मासळीबाजारात गेलो.
बलुची म्हाताऱ्यानं सुरमई बाजूला सारली,
काटा पुसून दिला.
त्याचं पाच किलो, वर चाळीस ग्रॅम.
माझं चार किलो सहाशे.
"खल्लीवल्ली," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा सुरमई ठेवली.

चारशे ग्रॅम
मी वर्षभर न उचलताच हिशेबात धरत होतो.

तो खनिजाच्या प्लांटवर, मी प्लास्टिकच्या.
त्याच्याकडे गोळ्या, माझ्याकडेही गोळ्याच.
त्याच्या करड्या, गोट्यांएवढ्या,
पट्ट्यावरून गडगडत जहाजापर्यंत जाणाऱ्या.
माझ्या पांढऱ्या, हुबेहूब साबुदाणा,
बुटात शिरतात, खिशात शिरतात, धुण्याच्या पाण्यावर तरंगतात.
एकादशीला मला खिचडी बघवत नाही.

खोलीत बहुमत माझ्याच मालाचं होतं:
बादली, खुर्च्या, तांदळाचा डबा,
नळसुद्धा, ज्याचा आटा दर उन्हाळ्यात झिजतो
आणि शाजी न्हावी त्याला दोरा गुंडाळून देतो.
धातूचं म्हणाल तर दाराची कडी,
कात्री,
आणि उस्मानची स्टीलची वाटी,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली:
जैबुन्निसा हिस भावाकडून, दाभोळ, ७९.
माझ्या डब्यावर मी मार्करनं नाव लिहायचो.
दोन धुण्यांत नाव जायचं,
हळदीचा डाग राहायचा.

मार्चमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं.
तीस किलोची बॅग आम्ही चार वेळा भरली, चार वेळा उपसली.
ब्लँकेट राहिलं, दुधाची पावडर राहिली,
मुलीची सायकल तर नुसतीच बघून ठेवलेली.
वाटी मोज्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत गेली.
डंबेल्सकडं त्यानं पाहिलंही नाही.
"लोखंड काय कुणी विमानानं नेतं?
आणि आमच्या दाराशी खाडी. महिन्यात खाईल ती."

मग गच्चीवर तीन-चार महिने मी दोन जोड्यांचा मालक होतो.

ऑगस्टमध्ये एक जांभळा शिवणीवर उकलला.
फुटला म्हणवत नाही, आवाज झाला नाही,
पंपावरून आलो तर फरशीवर
मुंग्यांच्या वारुळासारखा ढीग.
कुठल्या देशाच्या नदीतली वाळू, कुणास ठाऊक.
झाडू आणेपर्यंत वारा सुटला,
सोहारची वाळू तिच्यात येऊन बसली,
आणि मी दोन्ही एकाच सुपलीत भरल्या.
सुपली प्लास्टिकची.

आता पंचा ओला करून मी बिडाचे उचलतो.
तळहाताला गंजाचा वास येतो, जेवताना भाताला लागतो.
एकाच्या पोटाशी खिळ्यानं ओरखडलेलं अरबी नाव आहे,
त्याखाली मल्याळीत काहीतरी, शाजीलाही न लागलेलं,
त्याखाली उ. मु.

जागा अजून आहे, बोटभर.
खिळा शोधायचा राहतो.
आणि तो चाळीस ग्रॅमांचा वरचा भार
रोज दहाव्या वेळेला, बरोबर दहाव्या,
कोपराच्या आतल्या बाजूला
कळतो.