वहिवाट

शारजाच्या या टोकाला सजा म्हणतात.
आमच्याकडे तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणत,
हे गुलरेझला सांगितलं तर तो हसला.
त्याच्याकडे सजा म्हणजे नुसती शिक्षा.

रविवार. पहाटेचे पाच.
बंद टायरच्या दुकानापुढे आम्ही अकरा जण,
चार तुकड्या, सात धड फोन.
तेच पुन्हा सांगतो, दर वेळी कोणीतरी विसरतंच:
फोन हातात धरा, खिशात नको.
पाच सेकंदांना एक ठिपका.
ट्रकात बसलात तर नोंद थांबवा,
मागच्या खेपेला प्रसूननची पायवाट
ताशी सत्तरने गेली होती.
वळणावर घाई नको. वळणंच तर हवीत.
आणि फाईलला नाव द्या, बाबांनो, नाव.
‘नवीन एक’ अशा चौदा माझ्याकडे पडून आहेत.

कशासाठी हे, कोणी विचारत नाही.
जुलैत खिमानंद उन्हानं पडला तेव्हा
अँब्युलन्स दोन भिंतींपलीकडे
चाळीस मिनिटं सायरन वाजवत फिरत होती.
तिच्या पडद्यावर आमचा सगळा कॅम्प
एक करडा चौकोन होता.

संध्याकाळी खाटेवर बसून रेषा जोडतो.
आर्नेलची रेषा पत्र्याच्या शेडांमध्ये उडते,
तापल्या तेलातल्या मोहरीसारखी.
दमयंतीची सरळ, सलाईनच्या नळीगत.
एकाच गल्लीतून दोघं गेले, रेषा आल्या दोन,
मध्ये नऊ मीटर.
गावी एवढ्यावर
तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.
मी मधोमध तिसरी ओढतो,
जिच्यावरून कोणीच चाललेलं नाही.

गुलरेझची मात्र कुंपणातून आरपार.
चूक असणार, म्हणून खोडायला गेलो
तर म्हणाला, थांब.
भोक आहे तिथं. वाकावं लागतं,
डबा आधी पलीकडे सरकवायचा.
तीनशे माणसं रोज त्यातून बसला जातात,
नाहीतर गेटावरून वळसा, अडीच किलोमीटर.
मग आवाज उतरवून:
नकाशावर येऊ देऊ नकोस पण.
आलं की दुसऱ्या दिवशी वेल्डर येईल.

दोन आठवडे ती फाईल उघडतो, मिटतो.
दमयंती म्हणते, स्ट्रेचर काही त्यातून जाणार नाही,
कशाला हवंय?
प्रसूनन म्हणतो, आहे ते आहे,
नकाशानं खोटं बोलू नये.
आर्नेल काहीच म्हणत नाही.
रात्रपाळीला तोच जातो तिथून.

काल फोन खोलीवर ठेवून गेलो.
वाकलो.
पत्र्याच्या कापल्या कडेवर
कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय,
शर्ट फाटू नयेत म्हणून.
तारेनं आवळून, नीट, तीन ठिकाणी.
पलीकडे वाळू इतकी दबलेली
की माझा बूट उमटला नाही.

परत आलो. बाकीच्या रेषा चढवल्या.
एक तुटक ठेवली, कुंपणाच्या अलीकडे संपणारी,
बघणाऱ्याला वाटेल, फोनची बॅटरी गेली असेल.
मग ग्रुपवर लिहिलं:
पुढचा रविवार, तुकडी तीन, पाण्याच्या टाकीमागची गल्ली.
गुलरेझ, फोन चार्ज करून आण.