पान एकशे बारा

मुलुंडच्या लॅबमधले शेवटचे रिपोर्ट छापून
घरी आले, दोन घास खाल्ले, की
मी एकशे वीस वर्षांपूर्वीची विहीर खणायला घेते.

पुस्तक विहिरींवरचं.
हक्क कधीच संपलेत. वारस असलेच
तर त्यांनाही ठाऊक नसावं.
यंत्र वाचतं ते, आपल्या परीनं:
'खडक'चं 'रवडक' करतं,
'धार'ला म्हणतं 'घार', आणि ती उडून जाते
पाण्याच्या परिच्छेदातून.
मी तिला धरून परत आणते. एवढंच काम.

एकानं तपासलं की पान पिवळं होतं.
दुसऱ्या कुणी पुन्हा वाचलं, तर हिरवं.
मधे कधी आठ दिवस जातात, कधी वर्ष.

माझ्यामागून वाचणारं एक नाव आहे, 'शिवडीचा खिळा'.
खिळा म्हणजे छापखान्यातला, असा माझा अंदाज.
बाई की बुवा, माहीत नाही.
एकदा मी 'खणणें'वरचा अनुस्वार पुसला,
पान कसं नीटनेटकं केलं.
सकाळी तो पुन्हा आपल्या जागी. खाली एक ओळ:
"तो त्यांचा आहे. चुका आपल्या तेवढ्या काढायच्या."
मला राग आला. दोन दिवस मी फक्त रक्त तपासलं.

मग एकशे बारावं पान. स्कॅनमध्ये नव्हतंच.
एकशे अकरावर पाणी हातभर खाली होतं,
एकशे तेरावर लोक रहाट बसवत होते.

रविवारी ठाकुरद्वारच्या एका वाचनालयात गेले.
तुळसकरांनी कपाट उघडलं, दोनदा शिंकले.
"किती मिळतात ह्याचे?"
"काही नाही."
"मग आजोबांचं वगैरे पुस्तक?"
"नाही हो."
ते बघत राहिले माझ्याकडे, पोस्टमन
पत्ता पुसलेल्या पाकिटाकडे बघतो तसे.

पान सारखं मिटत होतं.
"थांबा," म्हणाले, आणि अंगठ्यानं दाबून धरलं.
"अंगठा येतोय फोटोत."
"येऊ दे की."

चढवलं. अंगठ्यासकट.
डाव्या कोपऱ्यात, नखाशी शिक्क्याची जांभळी शाई.
आता कुणीही घ्यावा, कुठंही छापावा,
विचारायला येऊ नये.

कापून टाकू का, असं मी खाली लिहिलं होतं.
चार महिने झाले. पान पिवळंच आहे.
शिवडीहून काही आलं नाही.

परवा कुणा नवख्यानं
'खणणें'वरचा अनुस्वार पुसला.
मी परत ठेवला.
खाली काय लिहावं, ह्या विचारात होते,
तेवढ्यात लॅबमधून फोन:
एक नमुना पुन्हा तपासायचाय,
दुसऱ्या कुणीतरी.