मधली सुट्टी

साडेपाचला टोकियो उघडतं.
ऐरोलीत तेव्हा सोसायटीचा पंपवाला जागा असतो
आणि खाडीकडून चिखलाचा वास येतो.

माझ्या नावावर तिथला एकही शेअर नाही.
इथलाही नाही, खरं तर.
तरी काल निक्केई आपटला
आणि रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपलो.

चहा गाळता गाळता कुंदा डोकावते,
'हिरवा हाय नं, मंग तोंड कला पारलास?'
तिला सांगतो, तिकडे उलटं असतं.
चढला की लाल, पडला की हिरवा.
आज अख्खा पडदा
नुकत्या लावलेल्या भातासारखा हिरवागार.

हिरानो-सान, तुमचं काय झालं असेल?

अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. रबाळ्याच्या कारखान्याने
तीन महिने नागोयाला शिकायला धाडलं होतं.
तुम्हाला मढवी म्हणता यायचं नाही.
'मादाबी-सान, शेवटचा अर्धा आटा
पान्याने नाही. हाताने.'
आणि एकदा जेवताना, पुंजी कुठे ठेवलीय
ते सांगायला तुमच्याकडे इंग्रजी पुरेना,
तेव्हा सोया सॉसमध्ये काडी बुडवून
मेजावर रेघ ओढलीत, वर वर जाणारी.
मेज संपलं तेव्हा हसलात.

आता नव्वदी पार असाल. किंवा नसाल.
आमचा कारखानाही नाही, तिथे काचेची इमारत आहे.
गेटवरचा पोरगा मला विचारतो, कोणाला भेटायचंय.

आमच्या मिठागराचा भाव एकदाच निघाला.
कागद आला, बापाने अंगठा दिला,
तो आकडा पुन्हा कधी हलला नाही.
इथे श्वासागणिक नवा.
सहाशे खाली. सातशे दहा.
सहाशे ऐंशी. परत सातशे.

आठ वाजता सगळं थांबतं.
काल मला वाटलं, रेंज गेली.
नाही. तिकडे साडेअकरा झालेत,
जेवायची सुट्टी.
एवढं कोसळत असतानाही
तासभर माणसं डबा उघडून बसतात.

कुंदा तांदळाची भाकरी पुढे सरकवते,
वर कालचं जवळ्याचं कालवण.
मोबाइल उपडा ठेवतो.
ताट जरा कलतं आहे,
कालवणाचा एक ओघळ
कडेकडे निघालाय.
बोट आडवं धरतो.