वरचो काय म्हणता

मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर रोज सकाळी मी लिहिते
अक्षांश, रेखांश, किती वाव पाणी, कुठल्या अंगाला मासळी.
हैदराबादेहून येतं ते; हैदराबादेला वरून, उपग्रहाकडून.
आमच्या बंदरात त्याला कुणी उपग्रह म्हणत नाही.
तांडेल चहाचा ग्लास घेऊन दारात येतात,
‘वरचो काय म्हणता गो?’
आणि मी सांगते.

त्या दिवशी श्रावणातली सप्तमी, भांगाचं पाणी.
भरती अर्ध्या जेटीलाही शिवली नव्हती.
अर्धा चंद्र दुपारपासून माडांवर, ढगांतून डोकावत,
आणि रवळनाथाच्या सभामंडपात पांढरी चादर ताणलेली
त्याचाच दक्षिणेकडचा काठ बघायला.

अभिनंदनाचा बॅनर रविवारीच कणकवलीहून आला होता,
उतरायच्या तीन दिवस आधी.
देव, रॉकेट, आणि दोघांहून मोठे प्रल्हादशेठ वाळवे.
रॉकेट दुसऱ्याच कुठल्या देशाचं होतं,
अंगावरचा झेंडा खोडून आपला चिकटवलेला.
मी ओळखलं. बोलले नाही.

गुरवाने कळे लावले: उतरेल काय?
उजवा पडला.
म्हणजे बंगळुरूच्या आधी आमच्या देवाने सांगितलं,
शेठ माइकवरून म्हणाले,
आणि आपल्या पूर्वजांना तर हे सगळं...
माइकने शिट्टी मारली. वाक्य तिथेच राहिलं.

दीपमाळेपाशी शमसुद्दीन होडेकर उभे,
चपला काढून हातात घेतलेल्या, पायरी मात्र चढलेले नाहीत.
शिमग्यात याच देवाची पालखी त्यांच्या अंगणात टेकायची,
आजाच्या आजापासूनचा नारळाचा मान.
दोन वर्षं झाली, रस्ता बदललाय.
कागदावर कारण: वाहतूक.
त्या गल्लीतून दिवसाला एक टेम्पो जातो, बर्फाचा.
तोही त्यांचाच.

सहा वाजून गेलेले.
पडद्यावर एक रेघ खाली खाली येत होती,
तळ किती खोल ते बघायला
दोराला शिशाचा गोळा बांधून सोडतात, तशी.
कुणी श्वास घेईना. एक पोर तेवढं खोकलं.
आणि लागला.
तळ लागला!

पहिल्या घोषणेत सगळ्यांत मोठा आवाज शमसुद्दीनचा.
दर्यावर वाऱ्याविरुद्ध ओरडून तयार झालेला गळा,
दोन्ही हात वर, चपलांसकट.
मातेचा जय त्यांनी असा केला
की पिंपळावरचे कावळे उठले.

दुसरी घोषणा चंद्रासाठी नव्हती.
ती देताना तोंडं मोहल्ल्याकडे वळली.
त्यांचे हात अजून वरच होते.
काय करायचं ते हातांना कळेना.
मग एका हाताने त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली,
जणू त्याचसाठी हात वर नेला होता.

माझे ओठ हलले.
आवाज आला की नाही, आठवत नाही,
असं मी सांगते, कुणी विचारलं तर.
कुणी विचारलेलं नाही.

सकाळी फळा पुसला, मोबाइल उघडला:
‘ढगाळ हवामानामुळे माहिती उपलब्ध नाही.’
पावसाळ्यात असं होतंच, त्यात नवल नाही.
पण काल जवळजवळ चार लाख किलोमीटरवर तळ सापडला,
आणि आज, त्याच्या मानाने हाकेच्या अंतरावरून,
आमची जेटी दिसेना.
खडू बराच वेळ हातात राहिला.
शेवटी नुसती तिथी लिहिली. अष्टमी. भांग.

शेठचा तांडेल आला, फळा बघून एक शिवी हासडून गेला.
मग शमसुद्दीन, डिझेलचा कॅन घेऊन, रोजच्यासारखे,
रोजच्यापेक्षा थोडे लांब उभे राहिले.
‘वरचो काय म्हणता गो?’
‘ढग आसत म्हणता. काय्येक दिसणा नाय.’

त्यांनी मान वर केली.
मी त्यांच्या टोपीकडे बघायचं टाळलं.

‘तेका पण?’

आणि कॅन उचलून पायऱ्या उतरले,
पाणी ओहोटीचं, होडी खाली, फार खाली बांधलेली.