सॅम्पल फ्लॅट

तिसऱ्या भेटीआधी त्यानं विचारलं,
एसी, सोफा आणि फुकट कॉफी मिळेल
अशी एक जागा आहे, येशील?
मला वाटलं, बँक.
कांजूरमार्गला, पत्र्याच्या कुंपणाआड,
न बांधलेल्या इमारतीचा तेविसावा मजला
जमिनीवर उभा होता.

पहिल्या भेटीत त्यानं बिल मधोमध चिरलं होतं,
तीनशे चाळीस भागिले दोन.
मी एकशेसत्तर पाठवले
तेव्हा फोन बघून म्हणाला, 'आले.'
शाल्मली म्हणाली, ब्लॉक कर.
आई म्हणाली, हिशेबी आहे, संसाराला बरा.
आईची यादी वेगळीच:
स्वतःची जागा, ठाण्याच्या अलीकडे;
गाडी नसली तरी गाडी लावायची सोय;
सासू असावी, पण गावी.
त्याच्या आईची मात्र एकच ओळ,
मंडळाच्या फॉर्मवर, वळणदार अक्षरात:
मुलगी नोकरी करणारी,
पगार मुलापेक्षा बेताचा.

निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बुटांवर चढवून
आम्ही आत गेलो, ऑपरेशनला जावं तसे.
दारं नव्हती कुठेच. बाथरूमलाही नाही.
'दारं काढली की जागा मोठी वाटते,' हेरंब कुजबुजला.
अशाच खोल्यांचे दिवे बसवायचं त्याचं काम, त्याला ठाऊक.
टीव्ही पुठ्ठ्याचा.
पुस्तकांना नुसत्या पाठी, आत पानं नाहीत.
मला माझा बायोडेटा आठवला.
छंद: प्रवास.
ऑफिसनं एकदा कोचीला नेलं होतं, दोन रात्री.

'झोपून बघा ना सर,' सेल्सची मुलगी म्हणाली.
तो झोपला. निळ्या पिशव्यांसकट
त्याची पावलं घोट्यापासून बाहेर.
पलंगच साडेपाच फुटी.
मी हसले, मग तो, मग तीही,
तिला बहुतेक रोजच हसावं लागत असेल.

मग फॉर्म.
'नातं' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं,
त्यानं एक रेघ मारली.
रेघेचा अर्थ मी विचारला नाही.
खाली: दोघांचं मासिक उत्पन्न, हातात येणारं.
त्यानं लिहिलं अठ्ठावन्न हजार
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.
कॉफीच्या मशीननं तेवढ्यात घरघर केली.
पंचावन्न लिहिता आले असते. बेताचे.
मी लिहिलं, त्र्याऐंशी.

तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, माझ्यातले सतरा बहिणीच्या कॉलेजला जातात.
नर्सिंग. अजून दीड वर्ष.
म्हणून ते एकशेसत्तर.

मग मीही सांगून टाकलं:
मला एसी लागतो, रात्रभर.
वर्षातून एकदा विमान.
आणि भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून घासाघीस
मला जमत नाही. आई करते,
मी चार पावलं पुढे जाऊन उभी राहते,
तिची कोणी नसल्यासारखी.
फॉर्मवर जागा असती
तर त्यानं हेही लिहून घेतलं असतं.
'एसी सव्वीसवर?' त्यानं विचारलं.
'चोवीस.'
'पंचवीस.'
मी गप्प राहिले. घासाघीस जमत नाही म्हटलं ना.

मुलीनं हप्ता काढला:
एक लाख चार हजार, वीस वर्षं.
आमच्या बेरजेकडे बघून म्हणाली, आरामात होईल, मॅम.
आम्ही दोघांनी मनात सतरा वजा केले,
मला त्याच्या ओठांवरून कळलं.

बाहेर उसाचा रस, दोन ग्लास.
त्यानं पाकीट काढलं, मी फोन काढला,
रसवाला कंटाळून म्हणाला, कोणीतरी एकानं द्या.

ती जागा आम्ही घेतली नाही.
बाकीचं अजून ठरलेलं नाही.
पण ती मुलगी दर मंगळवारी फोन करते:
मिसेस पडवळ, ऑफर संपत आलीय.
मी तिला दुरुस्त करत नाही. नंबर ब्लॉकही करत नाही.
काल तिनं पार्किंग फुकट केलं.
आईला अजून सांगितलेलं नाही.