सतरा नंबरची बाटली

माटुंग्याच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
फ्यूम कपबोर्डचा पंखा बंद होता त्या वर्षी,
म्हणून ब्रोमीन वॉटरची बाटली
करंगुटकर खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे.
लॅब असिस्टंट. रिटायर व्हायला सात महिने.

बेन्झीनमध्ये थेंब टाकले.
तांबूस रंग तसाच, ढिम्म.
"लोखंडाचा कीस घातल्याशिवाय
तो जागचा हलायचा नाही," करंगुटकर म्हणाले,
धाकट्या मेव्हण्याबद्दल बोलावं तसं.

सायक्लोहेक्झीनमध्ये रंग गेला,
इतका निमूट, की मी पुन्हा टाकून पाहिला.

मग सतरा नंबर.
बाहेरून आलेल्या परीक्षकांचा चष्मा माझ्या हातावर.
एक थेंब, आणि नळीत ताक घुसळल्यासारखं पांढरं.
दुसरा. तिसरा.
न तापवता, न विनवता
दोन, चार, सहा,
तिन्ही जागा भरून मोकळं.

"फिनॉल. बरोबर. पण एवढी घाई का याला?"
ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कड्यात सोडतो, सर.
मार्क मिळाले.

वास मात्र मला आधीच कळला होता.
आई केईएममध्ये फरशा पुसायची,
पदराला हाच वास.
बोटांची टोकं पांढरी, बधिर;
चहा किती गरम आहे
हे तिला ओठांनीच कळायचं.

जर्नलमध्ये रकाने दोनच:
निरीक्षण, अनुमान.

करंगुटकरांनी उरलेल्या ब्रोमीनवर हायपो ओतला,
रंग विझला.
पांढरं तेवढं नळीच्या तळाशी धरून बसलं.
"याला ब्रश लागतो," म्हणाले,
आणि घासत राहिले.