ताटलीतला गोटा

पहिल्या दिवशी वाटलं, गटार तुंबली.
नगरपालिकेला दोन शिव्या देऊन खिडकी लावली,
तर वास घरातच कोंडला.
मग मी आबांकडं बघितलं, आबांनी माझ्याकडं,
आणि आमच्या दोघांच्या मधी,
पिको-फॉलच्या मशीनखाली,
फुटाणा. वय दीड महिना.
पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं,
स्वतःच्याच आवाजानं झोपेतून दचकून
शेपटीकडं वळून बघत होता,
तिकडं कोण आलंय.

सेलूच्या मोंढ्यात, सरकीच्या पोत्यांमागं
आबांना सापडला. सातातला शेवटचा.
आणला तसं दूध पाजलं,
म्हशीचं, सायीसकट, वर पोळीचा कुस्करा.
लाडच होते ते.
लाड मागच्या बाजूनं निघत राहिले.

शेवंताबाई म्हणल्या, हिंग ओला कर, बेंबीला लाव.
वाटीत हिंग कालवून मी अर्धा तास
त्याच्या पोटावरचे केस बाजूला करत बसले.
बाई, बेंबी सापडंना याची.
मग तुपल्या बापाच्या बेंबीला लाव, म्हणल्या,
आणि दळण घेऊन गेल्या.

गुरुवारी मानवतचे पाहुणे आले, मला बघायला.
पोह्यांची बशी पुढं केली आणि
कॉटखालून ते आलं. बिनआवाजी.
मुलाच्या मामांनी रुमाल काढला.
मुलानं मामांकडं बघितलं, मामांनी आबांकडं.
आबा भिंतीवरच्या कॅलेंडरात
अमावस्या शोधायला लागले.
कळवतो, म्हणून गेले पाहुणे.
कळवलं नाही.
त्या रात्री मी फुटाण्याला उशाशी घेतलं,
खिडकी उघडी ठेवून.

जनावरांच्या दवाखान्यात दस्तगीर मामांनी
टरबूज वाजवावं तसं त्याचं पोट वाजवलं.
"दूध बंद. म्हशीचं दूध रेडकाला.
जंताचं औषध आजच पाज.
मऊ भात, उकडलेलं अंडं, बोटभर डांगर,
चारदा दे, पण थोडं थोडं.
आणि खातो कसा हा?"
दम न घेता, मी म्हणलं.
"मंग वारंच गिळायलंय की ते, भातासंगं.
सात जणांत वाढलेलं लेकरू,
त्याला वाटतंय, आता कुणीतरी ओढून नेईल.
ताटलीत एक गोटा ठेव.
तोंडात मावणार न्हाई असा."

दुधनेच्या कोरड्या पात्रात
चप्पल हातात धरून मी गोटा शोधला.
एक फार टोकदार, एक फार सुंदर,
तिसरा काळा, नारळाएवढा, बरा.
घासला, उकळला, ताटलीत मांडला.
फुटाणा आधी त्याच्यावर गुरगुरला.
मग कडेनं चाटत चाटत
गोट्याला एक फेरा, दुसरा फेरा,
मधेच थांबून माझ्याकडं बघणं,
आणि भात अजून तिथंच होता.

आबा त्याच्यासमोर जेवायला बसले.
चाळीस वर्षं हमाली. बाहेर ट्रक उभा,
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, असंच जेवायचे कायम.
भाकर चार घासात, पाणी उभ्यानं,
रात्री सोड्याची पुडी.
आता मोंढा सुटला, ट्रक सुटला नाही.
मी काही बोलले नाही.
फक्त अर्धीच भाकर वाढली
आणि उरलेली तव्यावर मुद्दाम रेंगाळवली.
आबा रिकाम्या ताटाशी बसून राहिले,
फुटाण्याचे फेरे बघत.
बऱ्याच वेळानं म्हणले,
"माझा गोटा तू हायस व्हय?"

पंधरा दिवस घराला घराचा वास आला.
नवे ब्लाउज, खोबरेल, मशीनचं तेल.
काल संध्याकाळी परत.
कॉटखाली बघितलं, तर फुटाण्याच्या मिशांना
शेंगदाण्याची चटणी.
मी आबांकडं बघितलं.
आबांनी कॅलेंडराकडं.